सातपुड्यावरून उडणारी छोटी विमानं

आजचा भाग विमानांचा आहे. नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही, आपल्याकडे सकाळी सुरत-भुसावळ पॅसेंजरची वेळ विचारतात, फ्लाइटची नाही. तरी हा विषय आपलाच आहे. कारण शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला धावपट्टी आहे, तिथे मुलं-मुली विमान चालवायला शिकतात, आणि शिरपूर ते शहादा हे अंतर छोट्या विमानाला वीस मिनिटांचंसुद्धा नाही. उत्तरेला मान वळवली की सातपुडा. तापीच्या सपाट पट्ट्यावरून उडणाऱ्याच्या खिडकीत तो सतत असतोच.

सुरुवात एका तारखेपासून करू. १६ जुलै २०२१. शुक्रवार, दुपार उलटून गेलेली. शिरपूरहून निघालेलं एक छोटं प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाच्या शिवारात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळलं. आत दोघं होती. प्रशिक्षक वैमानिक जागीच गेले. शिकाऊ वैमानिक, एक तरुण मुलगी, गंभीर जखमी झाली पण जिवंत होती.

आता पुढचं नीट ऐका. गाडी थेट जाईल असा रस्ता तिथवर नव्हता. आवाज ऐकून आधी पोचले ते आजूबाजूचे आदिवासी बांधव. पोलिस आणि डॉक्टर नंतर. स्ट्रेचर कुठून आणणार? तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली. त्या साडीची झोळी बांधली, झोळीत त्या मुलीला घातलं आणि लोकांनी खांद्यावरून खाली आणलं. ती मुलगी वाचली.

ही बातमी तेव्हा बरीच फिरली. बहुतेकांनी ती माणुसकीची गोष्ट म्हणून शेअर केली, आणि ती आहेच. पण धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या बाजूच्या माणसाला त्यात आणखी काहीतरी दिसतं. साडीची किंवा चादरीची झोळी, मधून बांबू, दोन टोकांना दोन माणसं. आपल्याकडे बाळंतीण अशी खाली येते. साप चावलेला माणूस असा खाली येतो. पेपरवाल्यांनी तिला ‘बांबूलन्स’ असं नावही दिलंय, हसावं की रडावं कळत नाही. म्हणजे त्या दिवशी त्या बाईला काही नवीन सुचलं असं नव्हतं. तिच्या डोंगरात माणूस कसा उतरवायचा हे तिला माहीत होतं. वर उडणाऱ्याला तो डोंगर किती माहीत असतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आधीच सांगतो, वर्डीच्या अपघाताला जबाबदार कोण हे ठरवायला मी बसलेलो नाही. ते काम तपास यंत्रणेचं. मला बोलायचंय ते छोट्या विमानांचं आणि डोंगरांचं जे जुनं वैर आहे त्याबद्दल. ते वैर जगभर एकसारखं आहे. अलास्कात जे होतं तेच नेपाळमध्ये होतं, आणि तेच सातपुड्यात.

सातपुड्याचंच बघा. पूर्वेकडे याच डोंगरांची रांग मैकलच्या डोंगरांना जाऊन भिडते. तिथे, १८ मार्च २०२३ ला, गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून निघालेलं एक प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, लांजीकडच्या डोंगराळ जंगलात पडलं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक तरुणी, दोघंही गेले. महाराष्ट्रातली धावपट्टी, सीमेपलीकडचा डोंगर. दोन्ही वेळा विमानं छोटी, दोन्ही वेळा आत एक शिकवणारा आणि एक शिकणारी.

आता छोट्या विमानाची ताकद किती असते ते समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. गंमत म्हणजे वाईट अर्थाने. शिकण्याच्या विमानांना बऱ्याचदा १०० ते १८० हॉर्सपॉवरचं इंजिन असतं. १०० हॉर्सपॉवर म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या वरातीत पुढे असते तशी एखादी बरी कार. तेवढ्यावर दोन माणसं, पेट्रोल आणि विमान हवेत टिकवायचं. सपाटीवर, थंड सकाळी, हे मजेत होतं. धावपट्टी सुटते, विमान मिनिटाला ७००-८०० फूट वर चढतं, शिकणाऱ्याला वाटतं, जमलं.

पण विमानाला ताकद कुठून मिळते? हवेतून. पंख हवेवर टेकतात, पंखा हवा मागे ढकलतो, इंजिन हवा पिऊन पेट्रोल जाळतं. हवा विरळ झाली की तिन्ही गोष्टी एकदम ढिल्या पडतात. आणि हवा दोन कारणांनी विरळ होते. एक उंचीमुळे, दुसरं उष्णतेमुळे. उंचीचं सगळ्यांना ठाऊक असतं. उष्णतेचं विसरायला होतं.

तोरणमाळ घेऊ. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर. आपण मे महिन्यात थंड हवेला म्हणून तिकडे जातो, पण समजा एखाद्या दुपारी तिथेही पारा ३५ वर गेला. वैमानिकांचा एक ठोकताळा असतो. त्या उंचीवर जेवढं तापमान ‘प्रमाण’ मानलंय, त्यापेक्षा दर एक अंश सेल्सिअस जास्त गरमीला विमानासाठी सुमारे १२० फूट उंची वाढली असं धरायचं. तोरणमाळच्या उंचीला प्रमाण तापमान येतं साडेसात अंशांच्या आसपास. ३५ म्हणजे साडेसत्तावीस अंश जास्त. गुणाकार करा, ३,३०० फूट निघतात. म्हणजे हजार मीटर. नकाशावर विमान तोरणमाळच्या उंचीवर आहे, पण त्याच्या इंजिनाला आणि पंखांना वाटतंय की आपण सिमल्याच्या उंचीवर आलोय. साध्या इंजिनाची जवळपास पाचवा हिस्सा ताकद तिथे गेलेली असते. विमानशास्त्रात याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. मी त्याला न दिसणारा डोंगर म्हणतो. दिसणाऱ्या डोंगराच्या डोक्यावर उन्हाने ठेवलेला आणखी एक डोंगर.

तोरणमाळचा घाट बाईकवर डबलसीट चढलेल्यांना हे लगेच कळेल. सातपायरीच्या वळणांवर गाडी तिसऱ्यात रडायला लागते, मग दुसरा, मग पहिला गिअर. मागच्याला उतरवायची वेळ येते. बाईकला निदान थांबता येतं. बाजूला लावायची, पाणी प्यायचं, इंजिन गार होऊ द्यायचं. विमान थांबलं की पडतं.

एक छोटा हिशोब आणखी करू, मग गणित बंद. समजा अशा गरम दुपारी आपलं विमान मिनिटाला ४०० फूटच चढतंय, म्हणजे साधारण १२० मीटर. वेग ताशी १४८ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला अडीच किलोमीटर. तर एक किलोमीटर पुढे जाताना ते जेमतेम ५० मीटर वर गेलं. समोरचा डोंगर तुमच्यापेक्षा ५०० मीटर उंच असेल, तर चढायला सुरुवात दहा किलोमीटर आधी करायला हवी. दहा किलोमीटर म्हणजे चार मिनिटं. सातपुड्याची दक्षिण बाजू शहाद्याकडून बघितलीय ना? सपाट शेतं संपतात आणि डोंगर एकदम उभा राहतो. दहा किलोमीटर आधी तुम्ही अजून ऊस आणि केळीच्या वर असता, आणि डोंगर निळसर, लांब, निरुपद्रवी दिसत असतो.

म्हणून डोंगरातले अपघात टक्कर होते त्या जागी घडत नाहीत, असं या विषयातले जाणकार सांगतात, आणि मला ते पूर्ण पटतं. ते चार-पाच मिनिटं आधी घडलेले असतात. जिथून अजून वळता आलं असतं ती जागा मागे पडली, तेव्हाच.

वळण्याचं काय? वळायलाही जागा लागते. ताशी १४८ च्या वेगाने, ३० अंश कलून वळायचं तर पूर्ण उलट फिरायला साधारण ६०० मीटर रुंदी लागते. वेग सव्वापट केला, तर रुंदी दीडपटीहून जास्त, जवळजवळ ९३० मीटर. आता तोरणमाळची सीताखाई डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं ती. खालच्या तोंडाकडून कोणी आत शिरलं तर दरी अरुंद होत जाते, तळ वर येत जातो आणि शेवटी समोर उभा कडा. इंग्रजीत अशा दरीला बॉक्स कॅनियन म्हणतात. आपल्या भाषेत उंदराचा सापळा. आत जायला दार आहे, वळायला जागा नाही.

बरं, अजून जास्त कलून वळलं तर? ६० अंश कलूया की! तिथे दुसरा सापळा. विमान जितकं कलतं तितकं पंखांवर ओझं वाढतं, आणि कमीत कमी ज्या वेगाला ते हवेत टिकतं तो वेगही वाढतो. ४५ अंशांना तो सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना चाळीस-एक टक्क्यांनी. वर चढायच्या धडपडीत वेग आधीच कमी झालेला. त्यात जोरात कलले की पंख हवा सोडून देतात. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं म्हणजे स्टॉल नव्हे, बातम्यांत हा घोळ नेहमी होतो. इंजिन धडधडत असतं आणि पंख काम करत नसतात.

त्यातच डोळे फसवतात. सपाटीवर उडणारा वैमानिक क्षितिजाकडे बघून ठरवतो की विमानाचं नाक वर आहे की खाली. दरीत खरं क्षितिज दिसतच नाही, समोर चढत जाणारा उतार दिसतो. तोच सपाट वाटायला लागतो. नाक नकळत वर जातं. वेग नकळत उतरतो.

एवढं सगळं वारा नसताना. वाऱ्याचं वेगळंच. नदीत दगड असला की पाणी त्याच्या पुढच्या बाजूने वर चढतं आणि मागच्या बाजूला धाडकन खाली पडून भोवरे काढतं, ते सगळ्यांनी बघितलंय. डोंगरावरची हवा तेच करते, फक्त दिसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. तापीकडून आलेली हवा सातपुड्याच्या दक्षिण उतारावर चढते, त्या बाजूचं विमान फुकटात उचललं जातं. उत्तरेकडून, नर्मदेच्या बाजूने धारेकडे येणाऱ्याला तीच हवा खाली दाबते. विमान मिनिटाला ४०० फूट चढू शकतं आणि हवा मिनिटाला ६०० फूट खाली चाललीय, तर पूर्ण ताकद लावूनही विमान खालीच चाललंय. आणि सातपुडा ही एक भिंत नाही. नावच बघा, सात पुडे, एकामागे एक घड्या. एक धार ओलांडली की सुटलो असं वाटतं, तोवर दुसरी पुढ्यात.

यावर उपाय नाहीत असं नाही. डोंगरात उडणाऱ्यांनी शंभर वर्षांत खूप शिकून ठेवलंय. धार ओलांडायची तर सरळ समोरून जायचं नाही, ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे नको वाटलं तर थोडंसं वळूनच मागे फिरता येतं. धारेच्या वर निदान हजार-दोन हजार फूट मोकळे ठेवायचे. दरीत मधोमध उडायचं नाही, एका बाजूला चिकटून उडायचं, म्हणजे वळायला अख्खी रुंदी हाताशी राहते. सकाळी उडायचं, दुपारी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या डोंगरात आधी उडलेल्या माणसाला शेजारी बसवल्याशिवाय पहिल्यांदा जायचं नाही.

सकाळचा मुद्दा नेपाळात फार कडकपणे पाळावा लागतो. पोखराहून जोमसोमला जाणारी छोटी विमानं काली गंडकीच्या खोऱ्यातून जातात. त्या खोऱ्यात उन्हं वर आली की रोज जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. पण सकाळ पुरेशी असतेच असं नाही. २९ मे २०२२ ला तारा एअरचं ट्विन ऑटर जातीचं विमान याच वाटेवर सकाळी नाहीसं झालं. आत २२ जण. त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं एक कुटुंबही होतं. हवामान खराब, डोंगर ढगात. अवशेष दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यात साधारण १४,५०० फुटांवर सापडले. त्या आठवड्यात मराठी चॅनलवर जोमसोमचा नकाशा किती वेळा दाखवला असेल! पण विमान त्या खोऱ्यातून का जातं, वरून का जात नाही, हे कोणी सांगितलं नाही. छोट्या विमानाला हिमालय ‘वरून’ ओलांडता येत नाही, एवढंच त्याचं उत्तर. ते डोंगरांच्या मधून जातं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या महाराष्ट्रात डोंगराने विमानं घेतल्याच्या ज्या मोठ्या घटना आहेत, त्या छोट्या विमानांच्या नाहीत. पण त्यांच्याशिवाय छोट्यांची गोष्ट कळत नाही. १२ जुलै १९४९. केएलएम या डच कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईत उतरताना पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ जण गेले, त्यात इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. आज त्या टेकड्यांभोवती इतकी वस्ती आहे की इथे कधी विमान आपटलं यावर विश्वास बसत नाही. मग ७ जुलै १९६२. अलितालियाचं डीसी-८, सिडनीहून निघालेलं, बँकॉककडून मुंबईला येत होतं. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. आपण मुंबईच्या बरंच जवळ आलोय असं समजून विमान खाली घेतलं गेलं, आणि ते जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. मुंबई अजून ८० किलोमीटरच्या वर होती.

या दोन्ही विमानांत बिघाड नव्हता. इंजिनं चालू, पंख शाबूत, वैमानिक शुद्धीत, विमान त्यांच्या ताब्यात, आणि तरी समोर डोंगर. विमान क्षेत्रात याला कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन म्हणतात, ताब्यातलं विमान जमिनीत घालणं. तारखा बघितल्या का? जुलै आणि जुलै. वर्डीही जुलै. ९ जुलै १९९४ ला पंजाबचे राज्यपाल सुरेंद्र नाथ कुटुंबासह ज्या छोट्या सरकारी सुपर किंग एअर विमानात होते, ते हिमाचलच्या डोंगरात आदळलं, तोही जुलै. १३ जण गेले. मी जुलैला अपशकुनी म्हणत नाहीये, चार तारखांवरून काही सिद्ध होत नाही. पण पावसाळ्यात डोंगर ढगात असतात एवढं तर आपल्याला शेळ्या राखणारा पोरगाही सांगेल. वैमानिकांचा एक जुना, कडवट विनोद आहे की काही ढगांच्या पोटात दगड असतात.

मोठ्या विमानांनी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला. कॅनडात जन्मलेले डॉन बेटमन नावाचे अभियंते अमेरिकेत हे कोडं घेऊन बसले. जमीन वेगाने जवळ येतेय हे ओळखून ओरडणारं यंत्र त्यांनी बनवलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते सुधारत राहिले. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं एक जेट वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले, आणि त्यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांना हे यंत्र सक्तीचं केलं. हळूहळू जगाने केलं. पुढच्या आवृत्तीत अख्ख्या जगाच्या डोंगरांचा नकाशाच यंत्रात बसवला. तुम्ही मुंबईहून दिल्लीला जाता तेव्हा कॉकपिटमध्ये ते बसलेलं असतं. बेटमन २०२३ मध्ये गेले. त्यांच्यामुळे जगलेल्या माणसांना त्यांचं नाव माहीत नाही, असं फार थोड्या लोकांच्या बाबतीत म्हणता येईल.

शिकण्याच्या दोन आसनी विमानांना मात्र हे यंत्र सक्तीचं नाही. तिथे आजही भरवसा डोळ्यांवर, नकाशावर, आणि शेजारी बसलेल्या माणसावर. १९४९ च्या कॉन्स्टेलेशनचा भरवसा यापेक्षा फार वेगळा नव्हता. हे वाक्य लिहून काढल्यावर मलाच थोडं गार वाटलं.

एक आडवळण घेतो, कारण ते घेतल्याशिवाय राहवत नाही. इन्स्टावर ते चित्र सगळ्यांनी बघितलं असेल, विमानाची बाह्यरेखा आणि तिच्यावर लाल ठिपके. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून कुठे चिलखत लावायचं हे ठरवायचं होतं. अब्राहम वॉल्ड नावाच्या गणितज्ञाने सांगितलं की ही तर परत आलेली विमानं आहेत. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे लागलेली विमानं परत आलीच नाहीत. गोष्ट आता मीठमसाला लावून सांगतात, पण वॉल्ड यांचं गणित खरं आहे. चित्राखाली एक गोष्ट मात्र कोणी लिहीत नाही. वॉल्ड आपल्या देशात, डोंगरावर विमान आदळून गेले. १३ डिसेंबर १९५०. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी ते पत्नीसह आले होते. एअर इंडियाचं डाकोटा विमान निलगिरीत, कोटागिरीजवळच्या डोंगरावर आदळलं. २१ जण, कोणीच वाचलं नाही. वॉल्ड ४८ वर्षांचे होते.

डोंगरात उडण्याचं ज्ञान वॉल्ड यांच्या त्या चित्रासारखंच आहे, म्हणून हे सांगितलं. ‘अरे, मी त्या दरीतून दहा वेळा गेलोय, काही होत नाही’, हे सांगणारा परत आलेला असतो. यूट्यूबवर दरीतून घुसणाऱ्या छोट्या विमानांचे जे थरारक व्हिडिओ दिसतात, ते सगळे परत आलेल्यांचे. न आलेल्यांनी काय बघितलं ते फक्त तपासाच्या अहवालात मिळतं.

म्हणून अहवाल वाचावेत. आपल्याकडे हे काम २०१२ पासून एएआयबी ही वेगळी संस्था करते, त्याआधी डीजीसीएकडे होतं. अहवाल इंटरनेटवर मोफत असतात. भाषा रुक्ष, पण एखाद्या रात्री वाचायला घेतला तर सुटत नाही. मिनिटामिनिटाला काय घडलं, हवामान काय होतं, विमानाचं वजन किती, वैमानिकाचे तास किती. आणि आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा, दोष देणं किंवा शिक्षा करणं हा नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उलटं चालतं. विमान पडलं की अर्ध्या तासात ‘पायलटची चूक’. शिकणारी मुलगी असेल तर त्याहून घाणेरडं काहीतरी. माझा त्यावर राग आहे, आणि तो नुसता सभ्यतेचा राग नाही. ‘पायलटची चूक’ म्हटलं की विषय संपतो. मग कोणी विचारत नाही की दिवसाचा तो तास का निवडला, तो मार्ग कोणी आखला, त्या डोंगरात कसं उडायचं हे वेगळं शिकवलं होतं का, त्या भागातला वारा कोणी मोजतं का.

वाऱ्याचं मोजमाप हा तर आपल्याकडे खरा खड्डा आहे. विमानतळ असतो तिथे हवामानाची नोंद होते. धावपट्टीवर काय चाललंय ते कळतं. पन्नास किलोमीटरवरच्या धारेवर काय चाललंय ते कळेलच असं नाही. पण तिथे राहणाऱ्यांना कळतं. दिवाळीत अस्तंभ्याच्या यात्रेला गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल. १,३२५ मीटर उंच शिखर, रात्रीची चढण, आणि बरोबरचा पावरा किंवा भिल गडी सांगतो, आता थांबा, वरचा वारा फिरलाय. तो हे कशावरून सांगतो ते त्यालाही नीट मांडता येणार नाही. कॅनडा, अलास्का, न्यूझीलंड इथे डोंगरातलं उडणं हा वेगळा अभ्यासक्रम म्हणून शिकवतात आणि स्थानिक माहितीला त्यात मोठी जागा आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी शिकणाऱ्या मुलांना कोणी तोरणमाळच्या माणसाशी बोलायला लावलं, तर ते मला हास्यास्पद वाटणार नाही.

शेवटी कामाचं. आपले बरेच श्रोते डोंगरपट्ट्यातले आहेत, म्हणून. असं काही तुमच्या शिवारात घडलं तर पहिला फोन ११२ ला. रेंज नसेल तर एकाला रेंजच्या धारेवर पिटाळा, बाकीचे पुढे जा. गावाचं नाव पुरत नाही, फोनमधलं लोकेशन पाठवा. विमानात बऱ्याचदा एक बीकन असतो, धक्का बसला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो आणि आपल्याकडे ती हाक इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात पोचते. पण तो मोडला, अँटेना तुटली, तर हाक जात नाही. तेव्हा तुमचाच फोन. जवळ जाताना बिडी-सिगारेट विझवा, सांडलेल्या पेट्रोलचा वास लांबूनच येतो. आग नसेल तर जखमीची मान आणि पाठ शक्यतो न हलवता मदत येईपर्यंत धीर द्या, येणारच नसेल तर फळी किंवा घट्ट बांधलेली झोळी. झोळी कशी बांधायची ते मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. विमानाचे तुकडे मात्र आहेत तिथेच राहू द्या, आठवण म्हणून एकही उचलू नका. कुठला तुकडा कुठे पडला यावरूनच शेवटची ती चार मिनिटं वाचता येतात.

तुमच्यापैकी कोणी शिरपूरला किंवा बिरसीला शिकत असेल, शिकून बाहेर पडलं असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. सातपुडा वरून कसा दिसतो, आणि पहिल्यांदा त्याच्या जवळ जाताना शेजारच्या सीटवरून काय सांगितलं गेलं, ते मला ऐकायचंय. नाव घेणार नाही.